मशीन सांगते तेवढंच

उत्तम खिल्लारे हा मी पाहिलेला सर्वांत भित्रा माणूस. हे मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला संकोच नाही. त्यावर ते काय म्हणाले तेही लिहीन, पण त्याच्या जागी.

दुसरबीडला मोठ्या रस्त्याच्या कडेला, कुंडलिक टेलरच्या दुकानाच्या भिंतीला लागून, त्यांचं एका शटरचं दुकान होतं. पाटीवर टायपिंग, झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्ती, तिन्ही वेगवेगळ्या रंगांत. खिल्लारेकाका साठीला टेकलेले, अंगानं बारीक, कानामागे पेन्सिल. मशीन कोणाचंही असो, खोलण्याआधी ते खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचे आणि क्षणभर तसेच उभे राहायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, माणूस देवाचं नाव घेतोय. काका देवाचं नाव घेणाऱ्यांतले नव्हते, घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. अंगात साठलेली वीज गजातून निघून जावी म्हणून तो हात. आपल्याला जाणवतही नाही एवढ्या ठिणगीनं आतली मेमरीची पट्टी मरते, असं ते सांगायचे, आणि कोणाच्या तान्ह्या लेकराबद्दल सांगावं तशा आवाजात सांगायचे. थंडीत तर आधी स्वेटर काढून ठेवायचे, कारण लोकरीत वीज फार. सगळं गाव कानटोपी घालून शेकोटीशी बसलेलं असायचं आणि हा माणूस सुती सदऱ्यात कुडकुडत मशीन उघडायचा.

"काका, गारठून जासान एखाद् दिवशी," कुंडलिक टेलर पलीकडून ओरडायचा.

"म्या गेलो तं चालते. मशीन लोकाचं हाय."

वीज, साहेब लोक आणि घाई या सगळ्यांना ते सारखेच भ्यायचे. वायर काढल्यावरही बटण दाबून मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. काढलेला प्रत्येक स्क्रू पितळेच्या जुन्या पानाच्या डब्यात टाकायचे आणि कुठला स्क्रू कुठला, ते कागदावर काढून ठेवायचे. दोनशे पानी वहीत मशीन आलं तेव्हा काय दाखवत होतं आणि गेलं तेव्हा काय दाखवत होतं हे लिहून खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायचे. लोक चिडायचे. "काका, रजिस्ट्री करून राह्यले का वावराची?" एकानं विचारलं होतं. काका म्हणाले, "उद्या तुमीच म्हनसान, खिल्लारेनं बिघडवलं." तो हसला. काका हसले नाहीत.

मी तेव्हा कॉलेज संपवून पत्रकं काढत होते. नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याचं पत्रक, वसतिगृहातल्या अळ्या पडलेल्या भाताचं पत्रक. आमचा पाच-सहा जणांचा गट, आणि लिहिणारी मी. मथळा मोठा, उद्गारचिन्हं तीन, शेवटी जाहीर सवाल. टाइप करून द्यायचे खिल्लारेकाका. त्यामुळे माझं आणि त्यांचं भांडण ठरलेलं. मी 'चोर' लिहिलं की त्यांची बोटं थांबायची.

"पाह्यलं का तू?"

"सगळ्या गावाले माहीत हाये, काका."

"माहीत हाय हा एक रकाना. पाह्यलं हा दुसरा रकाना. तू दोन्ही एकातच भरतेस."

"तुमी टाइप करा ना."

"करतो. पन तो शब्द तू सोता दाब. माह्यं बोट नको त्याले."

आणि खुर्ची मागे सरकवून उठायचे. मला ते शब्द स्वतः टाइप करावे लागत. मी कळफलकावर जोरात बोटं आपटायची आणि ते दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे, कोणी येतंय का म्हणून. माझा संताप व्हायचा. ज्या समाजानं एवढी मोठी लढाई पाहिली त्यातला हा माणूस एका शब्दाला भितो, असं मी आमच्या गटात बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा आम्हाला सगळ्यांबद्दल सगळं माहीत होतं.

पण मशीनच्या बाबतीत त्यांची ही दोन रकान्यांची शिस्त मी डोळ्यांनी पाहिली. साखरखेर्ड्याचा एक गडी एकदा पोतडीत कॉम्प्युटर बांधून तावातावानं आला. चार जीबी मेमरी म्हणून मशीन घेतलं आणि दिसते तीनच्या थोडी वर, दुकानदारानं फसवलं, त्याची कॉलर धरायला चाललोय, तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या. मी लगेच त्याच्या बाजूनं. दुकानदार म्हणजे फसवणारच! काकांनी गजाला हात लावला, मशीन उघडलं, पट्टी पाहिली, पुन्हा बसवली आणि पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पट्टी पुरी चारची हाय, भाऊ. आत जे विंडोज टाकलं ते जुनं, बत्तीस बिटवालं. त्याले याच्यावर मोजताच येत नाई. चार खोल्याचं घर बांधलं, पन एका खोलीची चाबीच नाई बनवली, असं समज. विंडोज बदल, चार दिसतीन." त्या गड्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. "म्हंजे चोर कोनी नाई?" त्याला वाईटच वाटलं.

"मशीन खोटं नाई बोलत," काका पुटपुटले, "अर्धंच बोलते. बाकीचं आपन भरतो."

ते असे का, हे मला कुंडलिकनं सांगितलं. काका तरुणपणी टीव्ही दुरुस्त करायचे. जवळच्या एका गावात मोठ्या घरचा टीव्ही चांगला करून दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याची पिक्चर ट्यूब गेली. घरच्यांनी बोलावून घेतलं. ओसरीवर बसवलं. "मारलं बिरलं नाई कोनी," कुंडलिक कापड कापता कापता म्हणाला, "हातबी नाई लावला. फकत जाऊ देल्लं नाई. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. येनारा-जानारा इचारे, हा कोन? तं म्हनत, हा टीव्ही खानारा. दिवस बुडाल्यावर म्हने, जाय आता." कात्री चालत राहिली. "तवापासून वही लिहिते माह्या दोस्त."

मी यावरही पत्रक काढायला निघाले होते. कोणत्या साली, कोणतं घर, नाव सांगा. कुंडलिकनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन बंद केलं.

आता एका शाळेचं सांगते. नाव लिहीत नाही. माझ्या भीतीनं नव्हे. तिथे एक बाई अजून नोकरी करते म्हणून.

ती बाई वनिता सोनुने. एका संस्थेच्या शाळेत संगणक खोली सांभाळायची, मुलांना शिकवायची. नेमणूक अकरा महिन्यांची, दर वर्षी नवा आदेश. शाळेत आठ संगणक, पुढच्या ओळीत पाच, मागच्या ओळीत तीन. दसऱ्याआधी माजी विद्यार्थ्यांनी आठही संगणकांसाठी मेमरीच्या नव्या पट्ट्या दिल्या. प्रत्येकात चार जीबी होती, आणखी चार टाकली की आठ. दिवाळीनंतर त्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकजण बघायला आला आणि त्यानं एकेक मशीन चालू करून पाहिलं. मागच्या ओळीतली तिन्ही आठ दाखवत होती. पुढच्या पाचही संगणकांवर चारच.

संस्थेचे सचिव तिथेच उभे होते. पाहुण्यासमोर अब्रू गेली. झाकणं उघडली तर पट्ट्या दोन-दोन दिसतात, म्हणजे कमी तर काही नाही. सचिवांनी जागच्या जागी निकाल दिला. नव्या पट्ट्या बाईनं बाहेर विकल्या आणि मेलेल्या पट्ट्या आणून लावल्या! आठ दिवसांत वनिताचा नवा आदेश निघायचा होता. सचिव म्हणाले, आदेश बाजूलाच राहिला, आधी पोलिसांत अर्ज. वनिता दुसऱ्या दिवशी दुसरबीडला आली, दुकानात स्टुलावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्या नाई नेल्या, काका," एवढंच म्हणाली.

मी म्हणणार होते, आम्हाला माहीत आहे. काकांनी माझ्याकडे पाहिलं म्हणून गप्प बसले.

"नेल्या का नाई ते म्या नाई इचारत," ते तिला म्हणाले. "पट्ट्या लावल्या तवा आधी काय केलं होतं, ते सांग. सगळं सांग. लोकं डॉक्टरले खरं सांगतात, मेकॅनिकले नाई सांगत."

तिनं सांगितलं. पट्ट्या आल्या त्या दिवशी तिनं पुढच्या ओळीतल्या पाच मशीनची झाकणं काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा, म्हणजे शाळेत कॉम्प्युटरची. सचिव पूजेचं ताट घेऊन आले. वनिता झाकणं लावायला निघाली तर म्हणाले, राहू द्या उघडीच, आतल्यालाही लागू द्या. आणि हळद, कुंकू, अक्षता, चिमटीनं नव्हे तर मुठीनं, मशीनच्या पोटात. वरून गंधाचं बोट. फोटो निघाले. पूजलेलं त्याच दिवशी पुसायचं नसतं, म्हणून तिनं तसंच ठेवलं. सुट्टीनंतर फडक्यानं पुसलं, नव्या पट्ट्या दाबून बसवल्या आणि झाकणं लावली. मशीनं चालू झाली, म्हणून आकडा पाहिला नाही. मागच्या ओळीतली तीन मशीनं तिनं त्यानंतर उघडली.

मी उडालेच. तो फोटो माझ्याही मोबाईलमध्ये होता! आसपासच्या गावांच्या ग्रुपवर आला होता. सचिव वाकलेत, मूठ उघडलीय आणि मशीनच्या आत लाल पाऊस पडतोय. अख्ख्या पंचक्रोशीनं त्याला हात जोडलेली चिन्हं पाठवली होती.

"काका, झालं! हाच फोटो छापू. वरती मथळा."

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. खरंच पांढरा. ते उठले आणि शटर अर्धं खाली ओढून आले.

"कोनापाशी बोलू नको," ते म्हणाले. "कोनापाशीच नाई. म्या पाह्यलं नाई अजून."

पोलिसांत जाण्याआधी मशीनं तपासून घ्यावीत म्हणून दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेत बोलावलं. सकाळची वेळ होती. मी सोबत गेले, वही धरायला म्हणून. रस्त्यात काकांनी एकदा पिशवी उघडून ब्रश आहे का पाहिलं. संगणक खोलीत सचिव खुर्चीत, बाजूला मुख्याध्यापक, दाराशी वनिता. काकांना कोणी बस म्हणालं नाही. त्यांनी स्वेटर काढला, घडी घातली, खिडकीच्या गजाला हात लावला.

"काय, मुहूर्त बघून राह्यले का?" सचिव म्हणाले.

काकांनी पहिलं मशीन चालू केलं. चार. वहीत लिहायला लावलं. बंद केलं, वायर काढली, बटण दाबून आकडे मोजले. ओठ हलताना दिसत होते. मग दोन्ही पट्ट्या काढल्या. जिला मेलेली म्हणत होते ती नवी पट्टी त्यांनी उचलली, शाळेतल्या मुलांचं असतं तसल्या खोडरबरानं तिच्या सोनेरी कडा हलकेच घासल्या आणि तिला एकटीलाच पहिल्या खाचेत बसवलं, जिथं जुनी पट्टी नीट चालत होती. आता मशीनमध्ये दुसरी मेमरी नव्हतीच. पट्टी मेलेली असती तर पडदा काळा राहिला असता.

पंखा फिरला. पडदा काळाच. काकांचे ओठ पुन्हा आकडे मोजत होते.

मग पडदा उजळला. चार जीबी.

"पट्टी जिवंत हाय," काका म्हणाले.

एकात कळलं होतं तेवढं पुरे होतं. पण काकांनी ते पाचही मशीनवर केलं, तेवढ्याच सावकाश, वीसपर्यंत मोजत, प्रत्येक वेळी गजाला हात लावून. सचिवांचा चहा निवला. पाचव्या पट्टीला पडदा उजळला तेव्हा दाराशी वनिता भिंतीला टेकून खाली बसली.

"पट्ट्या जिवंत, मग दिसत का नाहीत?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

काकांनी टॉर्च लावून दुसऱ्या खाचेत पाहिलं. बराच वेळ. त्यांनी जे पाहिलं ते मीही वाकून पाहिलं. अरुंद काळ्या खाचेत पिवळं-लाल दाबून बसलं होतं, फडक्यानं आत सारलेलं आणि वरून पट्टीनं ठोकलेलं. एका टोकाला तांदळाचा दाणा उभा. काकांनी मशीनखाली पांढरा कागद धरला, ब्रशनं एकेक खाच झाडली आणि कागदाची पुडी बांधली. पट्ट्या परत बसवल्यावर चार मशीनवर लगेच आठ दिसलं. पाचव्यावर दिसेना. गंधाचं ओलं बोट तिथं लागून वाळलं होतं. प्रयोगशाळेतून स्पिरिट मागवलं, कापूस काडीला गुंडाळला, पुसलं, वाळू दिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या खेपेला आठ.

"बरं झालं," सचिव उठत म्हणाले. "द्या लिहून. खाचेत धूळ होती म्हणून लिहा."

मला आधी कळलंच नाही, काय झालं ते. वनिताला कळलं. खोली साफ ठेवणं हे तिच्या आदेशात लिहिलेलं काम होतं. धूळ म्हणजे तिची कसूर. चोरी गेली, कामचुकारपणा आला. म्हणजे आदेश निघणार नव्हताच. आणि धूळ नाही लिहायची तर जे होतं ते लिहायचं, आणि ते लिहिणार कोण, तर बौद्ध वस्तीतला खिल्लारे. पूजेच्या कुंकवानं मशीन बिघडलं, हे त्यानं सहीनिशी, कागदावर.

काकांनी पाणी मागितलं. कोणी उठलं नाही. वनितानंच आणून दिलं, आणि ग्लास देताना हळूच म्हणाली, "लिहा काका धूळ. जाऊ द्या. तुमाले तरास नको."

ते पाणी प्याले. सगळं.

"धूळ असती तं लिहिली असती, साहेब," ते म्हणाले. नजर जमिनीवर. "मंग मागच्या ओळीतबी असती."

"मग काय होतं?"

काकांनी पुडी टेबलावर ठेवली आणि उघडली. कोणीच त्यात पाहिलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

"अन् हे कोणी टाकलं, तेही लिहिणार का?" सचिवांचा आवाज अगदी साधा होता. ते साधं बोलणं फार वाईट होतं.

"कोनाचा हात व्हता ते मशीन नाई सांगत. मशीन सांगते तेवढंच लिहितो."

ते लिहायला बसले. 'पाचही नवीन पट्ट्या चालू स्थितीत आहेत. दुसऱ्या खाचेत हळद, कुंकू व तांदूळ आढळले. साफ केल्यावर पूर्ण मेमरी दिसते. मागील ओळीत काही आढळले नाही.' खाली पूर्ण नाव. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक माजी विद्यार्थ्यांसाठी, एक वनिताला. प्रिंटर वापरू का, असं त्यांनी विचारलं तर सचिव नाही म्हणाले. म्हणून तिन्ही हातानं. तिसऱ्या प्रतीवर सही करताना हात इतका हलत होता की कागद सरकायला लागला. वनितानं पुढे होऊन कागदाच्या दोन्ही कडा तळव्यांनी दाबून धरल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांना शाबासकी द्यायला हवी होती. मी काय म्हटलं? "सचिवाचं नाव काऊन नाही लिहिलं? फोटो हाये ना! भित्रे हायेत तुमी काका, शेवटच्या पायरीवर येऊन भ्याले."

ते चालत राहिले. वळणापाशी थांबले. "हाव, भितो," म्हणाले. "तू नाई भीत. तुह्या आडनावाचे चार घरं हायेत शाळेच्या कमिटीत. तुले कोनी काई म्हननार नाई, तुह्या बापाले चहा पाजून समजावतीन. माह्या घरी कोनी चहा प्याले नाई येत."

पत्रक मात्र मी तरीही लिहिलं होतं, हे लपवत नाही. फोटोसकट तयार होतं. वनितानं ते वाचलं, घडी केली आणि परत दिलं. "हे निघालं तं तुह्यं नाव होईन, माह्यी नोकरी जाईन," ती म्हणाली, "आन् काकाचं काय होईन ते तूच पाह्य." मी ते फाडलं. पूर्ण लिहून झाल्यावर काढलं नाही असं ते एकच पत्रक.

पण गावात गोष्ट फुटायला पत्रक लागत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानावर गेले तर काका रस्त्याच्या पलीकडे उभे. चाव्या हातात, दुकान बंद. शटरवर खालपासून वरपर्यंत कुंकू फेकलेलं होतं. मुठी मुठी. पायरीवर तांदूळ सांडलेले. त्यांना शटर उघडता येत नव्हतं, कारण उघडलं तर कुंकू हाताला लागून सांडणार. पुसता येत नव्हतं, कारण खिल्लारेनं कुंकू पुसलं हे बघायला समोरच्या टपरीवर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांवर पोरं बसली होती. एकजण मोबाईल धरून होता. काका तासभर तसे उभे असावेत.

मी पुढे झाले, पण माझ्याआधी कुंडलिक टेलर बाहेर आला. गळ्यात माप घेण्याची पट्टी, हातात चिंध्यांचा गठ्ठा, पाण्याची बादली.

"सरक पोरी," मला म्हणाला. मग मोटारसायकलींकडे पाहून मोठ्यानं, "काढा बे, फोटो काढा. माह्या लेकीच्या लग्नाचं कुंकू बी ह्याच हातानं कालवलं म्या. मले कोन काय म्हनते पाहू." आणि सगळं शटर धुऊन काढलं. पोरं निघून गेली. कुंडलिकचे हात लाल झाले होते. काका रस्ता ओलांडून आले, त्याच्या हातांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुह्यं आता काई खरं नाई, बे."

"माह्यं जाऊ दे. शटर उघड."

उघडलं. पण त्यानंतर दुकानात लोक कमी झाले. फोन यायचे आणि पलीकडे कोणी बोलायचं नाही. काका तरीही प्रत्येक फोन उचलायचे, "हॅलो, खिल्लारे कॉम्प्युटर," असं म्हणायचे आणि पलीकडून ठेवेपर्यंत कानाला लावून बसायचे. मी म्हटलं, कट करा ना. "आपन आधी कट केला तं त्यायले राग येईन," म्हणाले. त्यांची मुलगी जालन्याला असते. तिनं त्यांना बोलावून घेतलं. काकांनी मशीनं ज्याची त्याला परत दिली, वहीत सह्या घेतल्या आणि पाटी उतरवली. आठ दिवसांची म्हटलेली मुदत महिन्यावर गेली होती. वनिताचा आदेश निघाला नव्हता आणि नाकारलाही नव्हता. ती रोज शाळेत जायची, मस्टरवर सही करायची, आणि कोणी तिला काही सांगायचं नाही.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते थांब्यावर. जालन्याची गाडी यायची होती. एक सुटकेस, एक पिशवी. कुंडलिक गाडीत जागा धरायला पुढे जाऊन उभा होता. मी पळत आले होते, त्यामुळे दम लागला होता.

"वनिताचं काय झालं?" त्यांनी विचारलं. मी अजून बोललेही नव्हते.

"निघाला, काका! आज सकाळी निघाला. अकरा महिन्यांचा! माजी विद्यार्थ्यांनी तुमचा कागदच पुढे ठेवला, मग काय करतीन!"

मी खुशीत होते, आवाज चढला असणार. थांब्यावरची माणसं वळून पाहायला लागली. काकांनी माझं मनगट पकडलं. बोटं गार होती. डोळे भरून आले होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून पलीकडे, कोण कोण ऐकतंय ते पाहत होते.

"हळू बोल," ते म्हणाले. "हळू बोल, पोरी. तिले तिथं अजून अकरा महिने काढाचे हायेत."

गाडी आली. कुंडलिकनं खिडकीजवळची जागा धरली होती. काकांनी सुटकेस तिथं ठेवली आणि स्वतः आतल्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही असे बसले.